अ‍ॅप्रन घाला म्हणालात, त्याबद्दल

मावशींना,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात मी दोनच वाक्यं बोलले आणि खाली बसले. मावशींनी लॅबचं काचसामान कसं जपलं हे सरांनी आधीच सांगून टाकलं होतं. मला जे सांगायचं होतं ते शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात, पुरुष सहकाऱ्यांच्या दोन रांगांसमोर, तोंडातून फुटेना. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "माझं नाव कशाला त्यात." नात वाचून दाखवील तेव्हा तुम्हाला पहिल्या चार ओळींतच कळेल.

पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं, साधं आम्ल-अल्कली टायट्रेशन. मुलगी अडुसष्ट दिवसांची. पगारी रजा 26 आठवड्यांची असते, 2017 च्या दुरुस्तीनंतर. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसाला दोन जादा सुट्ट्या द्यायच्या, हे तर 1961 च्या मूळ कायद्यातच होतं. पण मी तासिका तत्त्वावरची. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर माझ्या जागी दुसरं कुणीतरी. कायद्याचं मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुम्हाला आठवत असेल, पहिल्या आठवड्यात मी सारखी ओढणी सारखी करत फिरत होते.

तर ब्युरेटचं रीडिंग डोळ्यांच्या रेषेत आणून कसं घ्यायचं ते दाखवत होते. पर्समध्ये फोन थरथरला. तासाला मी एरवी फोन घेत नाही, पण त्या दिवसांत घरचा नंबर दिसला की हात आपोआप जायचा. आई म्हणाली, "ऐक, कशी रडतेय, वाटीनं घेईना," आणि फोन बाळापाशी नेला. पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. आधी छातीत मुंग्या, मग ओढ, मग ऊब. पुस्तकातलं मला पाठ होतं: रडणं ऐकलं की पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटतं, दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या बारीक स्नायुपेशी आकसतात, दूध पुढे ढकललं जातं. मराठीत या सगळ्याला पान्हा म्हणतात. तो फुटतो म्हणजे अक्षरशः फुटतो, हे मात्र पुस्तकात नव्हतं. अंगावर पिस्ता रंगाचा कुर्ता. समोरच्या मुलाची नजर ब्युरेटवरून घसरली आणि तो एकदम फरशीकडे बघायला लागला. बिचारा.

आणि तुमचा आवाज आला, मागच्या सिंकपासून, सगळ्या लॅबला ऐकू जाईल असा: "म्याडम, अ‍ॅसिड हाय ते! अ‍ॅप्रन घाला की. पोरास्नी सांगताय आन् तुमीच इसरताय?" बोलता बोलता खुंटीवरचा अ‍ॅप्रन तुम्ही माझ्या खांद्यावर टाकलासुद्धा. मुलांना वाटलं मॅडमना ओरडा बसला. सगळी वीसच्या वीस पोरं गपागप आपापल्या अ‍ॅप्रनची बटणं लावायला लागली. त्या दिवसाइतकी सुरक्षित लॅब मी पुन्हा पाहिली नाही.

तास संपल्यावर तुम्ही मला मागच्या स्टोअररूममध्ये नेलंत. प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस काढलात, मी तो तसाच आत घालायला गेले तर हात धरलात. "नुसता कापूस नगं, चिकटून बसतोय आन् काढताना जीव जातोय." गॉजच्या दोन पदरांत कापूस गुंडाळून तुम्ही दोन चपट्या गाद्या केल्यात. तेवढ्यावर मी पाच वाजताची एसटी पकडून घरी गेले.

तोवर मी काय काय करून बसले होते ते तुम्हाला नंतर सांगितलं आणि तुम्ही डोक्याला हात लावलात. मेडिकलमधून गळणारं दूध टिपायला ब्राच्या आत ठेवायचे मिळाले ते स्वस्तातले पॅड आणले होते. दुकानदारानं पेपरात गुंडाळून दिले, जणू मी चोरीचा माल नेतेय. त्यांना मागून जाड प्लास्टिक. ओघळ बाहेर येत नव्हता हे खरं, पण आतली ओलही कुठे जात नव्हती, आणि मी पैसे वाचवायला एकच जोडी दिवसभर ठेवत होते. चार दिवसांत खाज, लाली. डॉक्टर म्हणाल्या, दूध गोड असतं, ओल आणि ऊब मिळाली की तिथे बुरशी धरते, पॅड भिजला की बदलायचा, मग तो कितीचाही असो. मग मी सॅनिटरी पॅड अर्धा कापून लावून पाहिला. कापलेल्या कडेतून आतला गिळगिळीत ऐवज बाहेर आला, तो नाद तिथेच सोडला. शेवटी ऑनलाइन सिलिकॉनचे मागवले. ते काही शोषत नाहीत, नुसते दाबून धरतात. कुर्ता कोरडा राहिला, डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "म्हंजे बूच मारलंत व्हय?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्राच्या पुडीत सहा पॅड घेऊन आलात. सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचे. एक लिटरच्या बीकरचं बूड ठेवून पेन्सिलीनं आखलेले गोल, सहा पदर, कडेनं हातशिलाई, आणि प्रत्येकाला एका बाजूनं टक्स घेतलेला, म्हणजे तो ताटलीसारखा सपाट न राहता वाटीसारखा बसतो. दुकानात याच गोष्टीला कॉन्टूर म्हणतात आणि वर पैसे घेतात. सपाट पॅड अंगावर चुरगळतो, त्याची कड कपड्यातून दिसते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घडी पडते तिथूनच गळतं. हे मला तुमच्या टक्समुळे कळलं.

काठाचा तुकडा एकाही पॅडमध्ये नव्हता. मी विचारलं तर म्हणालात, "काठ टोचतोय." अंजिरी लुगडं होतं ते, धुऊन धुऊन रंग जवळजवळ गेलेला. नवं कापड तितकं पाणी ओढत नाही, ते आधी दोन-तीनदा धुवावं लागतं, आणि हे तर वीस वर्षं धुतलेलं.

कॉलेजात लागलात तेव्हा तुमची थोरली चार महिन्यांची होती, पदराचं टोक दुमडून आत खोचत होतात आणि दर तासाला मोरीत जाऊन पिळत होतात, हे तुम्ही सहज सांगितलंत. बाटल्यांवर लेबलं लावता लावता. मला त्यावर काय बोलावं कळलं नव्हतं, अजूनही कळत नाही.

आणि मग आपण तो उद्योग केला. शनिवार होता, मुलं गेलेली. मी बाजारचा नवा, जरा बऱ्यातला पॅड आणि तुमचा लुगड्याचा पॅड शेजारी ठेवले आणि दहा मिलीच्या मोजपात्रानं पाणी ओतत गेले. तुमच्या पॅडनं दहा मिली झेललं, पंधराला कडेनं ओघळ आला. बाजारचा तिसऱ्या दहाला पण ढिम्म. मी तो कात्रीनं फाडला. आत लगद्यात पांढरे दाणे, फुगून भिजल्या साबुदाण्यासारखे. सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, लहान मुलांच्या डायपरमध्ये असतं तेच. तुम्ही बोट लावून बघितलंत. मग मी त्यावर चमचाभर मीठ टाकलं आणि जेलमधून पाणी सुटायला लागलं. तुम्ही एवढ्या हसलात! "मीठ लावल्याली काकडीच की ही." अगदी तसंच, मावशी. हे दाणे साधं पाणी भरपूर धरतात, पण पाण्यात क्षार असले की त्यांची भूक कमी होते, आणि दुधात क्षार असतात. त्यामुळे पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, पाणी ओतून दाखवलेल्या कसोटीवर मी आता फारसा भरवसा ठेवत नाही.

मला वाटलं, तुम्ही आता म्हणाल की विकतचं सोडा, आपलं घरचंच बरं. तुम्ही म्हणालात, "एसटीत त्येच घाला." सव्वा तासाचा प्रवास, कुणाचं तरी बाळ रडलं की आपला पान्हा, आणि बदलायला आडोसा नाही, तिथे दहा मिलीचा पॅड काय पुरणार. मग तसंच ठरलं. जाता-येता विकतचा, कॉलेजात पोहोचल्यावर स्टोअररूममध्ये बदलून तुमचा, घरी तर तुमचाच किंवा काहीच नाही, रात्री अंगाखाली घडी घातलेलं दुपटं. विकतचा घेताना मी मागचा कागद बोटांनी चोळून बघते, प्लास्टिकसारखा करकर वाजला तर परत. चिकटपट्टी ब्राला लावायची, आणि ब्रा घट्ट नको, नाहीतर पुन्हा ती गाठ. बांबूचे म्हणून महागडे धुण्याचे पॅडही एका मैत्रिणीनं पाठवले. चांगले मऊ आहेत. पण बांबूचा धागा म्हणजे बहुतेक वेळा व्हिस्कोज, लगदा विरघळवून काढलेला. त्यात जादू काही नाही.

धुण्याचं तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत: आधी गार पाण्यात टाका, गरम पाण्यात डाग शिजतोय. आणि ऊन. मी माझ्या शहाणपणानं एकदा कपडे मऊ करणारं लिक्विड घातलं, तर पुढचे चार दिवस दूध पॅडवरून घरंगळत होतं. धाग्यावर त्याचा थर बसतो. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं, आत्ता कबूल करते.

हाताच्या घडीचंही राहिलं. पान्हा सुटतोय असं वाटलं की छातीवर हाताची घडी घालून हलकंच दाबून धरायचं, थांबतो. पण "रोज उठून दाबत बसू नका, गाठ हुती" असं बजावलंत. ते सहा महिने मी हाताची घडी घालून उभी राहायचे आणि मुलं समजायची, मॅडम चिडल्यात. वर्गात इतकी शिस्त होती की विचारू नका.

एक गोष्ट तेव्हापासून मनात आहे. माझ्या बाळंतविड्यात अकरा झबली आली, चार कुंच्या, आणि टोपडी मी मोजलीही नाहीत. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, शेपू, खीर, दूध यावं म्हणून सगळं घर राबत होतं. दूध येतंय का, पुरतंय का, हे मला शेजारच्या काकांनीसुद्धा विचारलं. जास्तीचं जातंय कुठे, हे विचारणाऱ्या तुम्ही एकट्या.

तर मावशी, मुलगी आता अडीच वर्षांची आहे. तुमच्या सहा पॅडपैकी एक एसटीत हरवला, दोघांनी मी आता चष्मा पुसते. उरलेले तीन उकळून, उन्हात वाळवून परवा फिजिक्सच्या नव्या मॅडमना दिले. आठवा लागलाय, त्याही तासिकेवरच आहेत. त्यांना आणखी सहा शिवून द्यायचे आहेत. लुगडं माझ्या आजीचं मिळालंय, पण तुमच्या जागी आलेल्या मुलाला एक लिटरचा बीकर सापडत नाहीये. तुम्ही तो कुठल्या कपाटात ठेवलात तेवढं कळवा.

तुमची,
केमिस्ट्रीची म्याडम