रिपोर्ट निर्दोष, तरी वेदना खरी

महोदय,

एमआरआय निर्दोष आला की वर्षानुवर्षे कंबरदुखी सोसणाऱ्या रुग्णाला ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ असे सांगून वाटेला लावण्याची रीत मुंबईसारख्या शहरातही सर्रास आढळते. वास्तविक, वेदनेवर संशोधन करणारे चेताशास्त्रज्ञ क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्येच उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते की, इजेनंतर मज्जारज्जूतील चेतापेशींची उत्तेजनक्षमता वाढते आणि जखमेकडून येणारे संदेश थांबवले तरी ती काही काळ वाढलेलीच राहते. अशा अवस्थेत अंगावरची चादर किंवा लोकलच्या गर्दीतला हलकासा स्पर्शही वेदना म्हणून जाणवू शकतो. प्रत्येक जुनाट दुखण्यामागे हेच कारण असते असे नव्हे, आणि एखाद्या रुग्णात ही उत्तेजनक्षमता नेमकी मोजणारी चाचणी नेहमीच्या दवाखान्यात होत नाही. पण म्हणून रुग्णालाच खोटे ठरवणे (स्त्रियांच्या वाट्याला हे अधिक येते, असे माझे निरीक्षण आहे) शास्त्राला धरून नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करुग्णांसाठी वेदना चिकित्सा विभाग आहे. महापालिकेने आपल्या प्रत्येक उपनगरी रुग्णालयात, फिजिओथेरपी आणि समुपदेशन यांची जोड देऊन, आठवड्यातून एकदा तरी जुनाट वेदनेच्या सर्व रुग्णांसाठी असा बाह्यरुग्ण विभाग चालवावा.

– एक वाचक, मुलुंड