कॉलिन वेलंड यांचे नाव का गाळले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत खेळांवरील चित्रपटांचा आढावा घेणारा लेख वाचला. 'चॅरियट्स ऑफ फायर' या १९८१ च्या ब्रिटिश चित्रपटाला त्यात भरपूर जागा मिळाली, याचा आनंद झाला. दिग्दर्शक ह्यू हडसन, निर्माते डेव्हिड पटनम, संगीतकार व्हँगेलिस, सगळ्यांची नावे आली. समुद्रकिनाऱ्यावरून पांढऱ्या कपड्यांत धावणाऱ्या तरुणांचे छायाचित्रही छापले आहे. पण ज्यांनी हा चित्रपट लिहिला आणि त्या लेखनासाठी ऑस्कर मिळवले, त्या कॉलिन वेलंड यांचा अख्ख्या लेखात उल्लेख नाही. हे मनाला फार लागले, म्हणून लिहितो आहे.

मी स्वतः आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. वेलंडही मुळात चित्रकलेचे शिक्षक. १९३४ मध्ये लँकेशर परगण्यात जन्म, भोवती कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी. काही वर्षे शिकवल्यावर ते नाटकाकडे वळले आणि १९६२ मध्ये बीबीसीच्या 'झेड कार्स' या पोलीस मालिकेतला हवालदार ग्रॅहम म्हणून घरोघरी माहीत झाले. पोलीस म्हणजे सद्गुणांचा पुतळा, हे तोवरचे चित्र त्या मालिकेने बदलले. तिच्यातले पोलीस दमलेले, चिडणारे, घरी भांडणारे होते.

त्यांचा अभिनय बघायचा असेल तर केन लोच यांचा 'केस' (१९६९) बघावा. बार्न्सलीच्या खाणकामगार वस्तीतला बिली हा मुलगा केस्ट्रेल जातीचा एक शिकारी पक्षी पाळतो. घरी मोठा भाऊ मारतो, शाळेत मास्तर मारतात. वेलंड त्या शाळेतले इंग्रजीचे शिक्षक मिस्टर फार्दिंग झाले आहेत. वर्गात ते मुलांना खरी घडलेली गोष्ट सांगायला लावतात. बिलीचे लक्ष नसते. त्याला उभे करतात, तो आढेवेढे घेतो आणि मग पक्ष्याच्या पायातल्या चामडी पट्ट्यांविषयी बोलायला लागतो. बघता बघता तो पुढे येऊन हातवारे करत सगळे समजावून सांगतो आणि वर्ग चिडीचूप होतो. त्या वेळचे वेलंड बघा. ते जवळजवळ काहीच करत नाहीत. अवघड शब्द आला की विचारतात, पुन्हा गप्प होतात. ज्या पोराला काही येत नाही असे सगळे धरून चालले आहेत, ते आपल्याला काही शिकवते आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटते. शाळेत वर्षे काढलेल्या माणसालाच असे गप्प बसणे जमते. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला.

१९७९ मध्ये डेनिस पॉटर यांच्या 'ब्लू रिमेम्बर्ड हिल्स' या दूरदर्शन नाटकात सात वर्षांच्या मुलांच्या भूमिका मोठ्या नटांनी केल्या. त्यात चाळिशी उलटलेले, अंगाने भरलेले वेलंड अर्ध्या चड्डीत विली झाले होते. सोबत हेलन मिरेन होत्या. ऐकायला विचित्र वाटते, पण पाहताना पहिल्या काही मिनिटांनंतर समोर मुलेच दिसू लागतात.

दरम्यान लेखणी चालूच होती. 'रोल ऑन फोर ओ'क्लॉक' हे शाळेवरचे नाटक त्यांनी १९७० मध्ये लिहिले. पन्नाशीत संसार सोडून निघालेल्या माणसाची गोष्ट 'किसेस अॅट फिफ्टी'मध्ये (१९७३) आली. आणि १९७४ चे 'लीड्स युनायटेड!'. लीड्सच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतल्या बायकांनी १९७० मध्ये तासाला एक शिलिंग वाढ मागत संप केला होता, त्याची ही कृष्णधवल कहाणी. आपल्याच युनियनने आपल्याला वाऱ्यावर सोडले, हा त्या बायकांचा संताप त्यात जसाच्या तसा आहे. माझ्या मते ऑस्करच्या चित्रपटापेक्षाही हे लेखन धाडसाचे आहे.

आता त्या ऑस्करकडे येतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या आठवणी कोणाकडे असतील तर कळवा, अशी जाहिरात वेलंड यांनी वृत्तपत्रांत दिली. ती ऑब्रे मॉन्टेग्यू या धावपटूच्या मुलाच्या नजरेस पडली. वडिलांनी त्या काळात आईला लिहिलेली पत्रे त्याने वेलंडकडे पाठवली. चित्रपटात अधूनमधून ऐकू येणारे पत्रवाचन त्यातूनच आले आणि त्याच धाग्यात हॅरॉल्ड अब्राहम्स आणि एरिक लिडेल या दोन ब्रिटिश धावपटूंच्या वेगळ्या कथा ओवल्या गेल्या. वृत्तपत्रातल्या चार ओळींतून एवढे उभे राहिले, याचे अप्रूप आपल्यालाही वाटावे.

वेलंड यांनी इतिहासाशी मोकळीक घेतली हे खरे. धर्मश्रद्धेमुळे लिडेल रविवारी धावत नसत आणि शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे हे त्यांना काही महिने आधीपासून ठाऊक होते. चित्रपटात ते त्यांना बोटीवर चढताना कळते. मला हा बदल खटकतो. पण त्याच पटकथेत अब्राहम्स यांचे प्रशिक्षक सॅम मुसाबिनी यांचा प्रसंग आहे. पैसे घेऊन शिकवणारा प्रशिक्षक म्हणून त्यांना मैदानात स्थान नाही. ते हॉटेलच्या खोलीत बसलेले. खिडकीतून ब्रिटनचा झेंडा वर चढताना दिसतो, राष्ट्रगीत ऐकू येते आणि अब्राहम्स जिंकल्याचे त्यांना कळते. हा माणूस आपल्याच गवती हॅटमधून मूठ आरपार घालतो. धावपटूचा विजय धावपटूपासून दूर, एका बंद खोलीत दाखवायचा, हे सुचणे लेखकाचे काम आहे.

२९ मार्च १९८२ च्या रात्री पुरस्कार हातात घेऊन वेलंड यांनी 'ब्रिटिश येत आहेत!' असा पुकारा केला. पुढच्याच वर्षी 'गांधी' चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली आणि त्यातले वेशभूषेचे एक आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्या वाट्याला आले. नंतर ब्रिटिश चित्रपटांची लाट ओसरली, तेव्हा त्याच वाक्यावरून वेलंड यांना टोमणे ऐकावे लागले. अखेरच्या वर्षांत अल्झायमरने गाठले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ते गेले.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला परीक्षणाच्या चौकटीत निर्माता, दिग्दर्शक, कलाकार असतात. कथा आणि पटकथा कोणाची, ही ओळ कधी असते, कधी नसते. मराठी चित्रपटांच्या बाबतीतही हेच. ती ओळ यापुढे न चुकता छापावी आणि पुढच्या रविवारी या लेखाची एक छोटी दुरुस्ती द्यावी, एवढी विनंती आहे. 'पटकथा : कॉलिन वेलंड' एवढे तीन शब्द पुरेत.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
कोल्हापूर