पुढच्या वर्षी येतो म्हणाला, शब्द मात्र माझ्या तोंडून गेला

मा. संपादक महोदय,
सप्रेम सलाम.

कालच्या रविवार पुरवणीतील मिशन ट्रिपांवरचा लेख वाचला. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगणे हे प्रत्येक ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे, याबद्दल माझा लेखकाशी काडीचाही मतभेद नाही. परंतु शहरातल्या मंडळ्यांच्या (चर्चच्या) तरुणांनी सुटीत आठ-दहा दिवस खेड्यात जाऊन साक्ष दिली, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगितला, की काम झाले असे म्हणायचे, आणि पुरावा म्हणून ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या आगगाडीतील भेटीचा दाखला द्यायचा, हे वाचून मी अस्वस्थ झालो. मी पाथर्डी तालुक्यातील एका लहानशा मंडळीचा सभासद आहे, निवृत्त शिक्षक आहे, आणि अशाच एका ट्रिपचा दुभाषी होतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशाने बायबलमधला नवा करार दिला, हे खरेच आहे. पण त्या डब्यात दुभाषी नव्हता आणि किती जणांना सांगितले याचा हिशेब कोणी मांडत नव्हते. टिळक ते पुस्तक वाचत राहिले, मनाशी झगडत राहिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर त्यानंतरही काही वर्षे लागली, आणि ती वर्षे घरातल्या सहवासाची होती. पुढे आमच्या नगर-राहुरीकडे टिळकांनी सुवार्ता सांगितली ती अभंगांतून आणि कीर्तनातून, लोकांच्या कानाला ओळखीच्या असलेल्या चालींवर. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण टिळकांची पदे तिला तोंडपाठ होती. आठ दिवसांच्या भेटीचे समर्थन करायला यातले नेमके काय उपयोगी पडते, हे मला समजले नाही.

आता माझा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील मंडळीचे बावीस तरुण-तरुणी नाताळनंतर आमच्याकडे नऊ दिवसांसाठी आले. दोन महिने आधी मी त्यांना पत्र लिहून कळवले होते की आमच्या भागातली माणसे मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतात आणि दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांवर जातात. ती गुढीपाडव्याच्या पुढेमागे परततात, तेव्हा आपण उन्हाळ्यात यावे. सुट्या नाताळातच मिळतात, असे उत्तर आले. ते आले तेव्हा निम्म्या घरांना कुलपे होती आणि उरलेल्या घरांत म्हातारी माणसे आणि लहान मुले होती. मुलांना त्यांनी गाणी शिकवली, ती मुलांना आवडलीही. उपासना मंदिराच्या दगडी भिंतीला त्यांनी उत्साहाने ऑइल पेंट लावला. आमच्याच मंडळीतले दोन रंगारी त्या दिवसांत कामाविना बसून होते आणि त्यांनी सांगितले होते की या भिंतीला ओल आहे, तिला चुनाच चालतो. पहिल्याच पावसाळ्यात त्या रंगाचे पोपडे सुटले.

भिंतीचे मला फारसे दुःख नाही. दुःख आहे ते एका आजींचे. त्या आमच्या मंडळीच्या नव्हेत, पलीकडच्या वस्तीवर राहतात. त्यांचा धाकटा मुलगा आदल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेला होता आणि त्याच्या मागे सून टोळीबरोबर तोडीला गेली होती. घरी आजी आणि दोन नातवंडे. आम्ही पाच जण त्यांच्या घरी गेलो. आजींनी शेजारून वाटीभर साखर आणवली आणि सगळ्यांना कोरा चहा दिला. एका तरुणाने आपली साक्ष सांगितली: परीक्षेत आलेले अपयश, निराशा, प्रार्थना, मग मिळालेली नोकरी. तो मनापासून बोलत होता आणि मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत होतो. आजींना त्यातले किती कळले ते सांगता येत नाही, पण तो बोलता बोलता रडला, तेव्हा त्यांनी पदराने त्याचे डोळे पुसले, त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि विचारले, "परत कधी येशील, बाळा?" मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. त्याने उत्तर दिले, आणि मी म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणतोय, आजी."

तो खोटे बोलत होता असे मला आजही वाटत नाही. त्या घटकेला त्याला यायचेच होते. पण पुढच्या वर्षी त्या मंडळीची ट्रिप दुसऱ्या राज्यात गेली. त्या नाताळानंतरच्या आठवडी बाजारात आजींनी मला गाठले आणि विचारले, "तुमचा पाव्हना आला न्हाई व्हय, मास्तर?" त्याच्या पुढच्या वर्षीही विचारले आणि तिसऱ्या वर्षीही विचारले. चौथ्या वर्षी विचारायचे त्यांनी सोडून दिले. त्यांना त्या मुलाची भाषा कळत नव्हती. त्यांनी शब्द ऐकला तो माझ्या तोंडून. ज्या तोंडून त्यांनी येशूचे नाव प्रथम ऐकले, त्याच तोंडून न पाळलेला शब्दही ऐकला, आणि आता मी त्यांच्या दारात जाऊन विश्वासू देवाविषयी काय बोलावे? त्या मंडळीला मी दोनदा पत्र लिहिले. उत्तरादाखल छायाचित्रांचा अल्बम आणि छापील अहवाल आला. अहवालात सुवार्ता पोहोचलेली म्हणून १४० घरे मोजली होती. कुलूप लावलेल्या ज्या घरांच्या दाराखालून पत्रके सरकवली होती, तीही त्यात होती.

लेखक म्हणतात की तरुण अशा ट्रिपांवरून बदलून परत येतात. ते मी मान्य करतो, मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. मग हे त्यांचे शिक्षण आहे असे सरळ म्हणावे, आणि आमच्या घरांचे आकडे मांडू नयेत. ज्यांच्या वारशाकडे लेखक बोट दाखवतात, त्या अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले, मराठी शिकले आणि तेरा वर्षे राहिले. १८२६ मध्ये नाशिकच्या प्रवासात त्यांनी पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रोग्यांना जवळची औषधे वाटली आणि परतीच्या वाटेवर त्याच पटकीने ते गेले. सावित्रीबाई फुले ज्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घ्यायला गेल्या, त्या याच मिशनच्या सिंथिया फरार १८३९ पासून १८६२ मध्ये देह ठेवीपर्यंत नगरलाच राहिल्या. त्यांच्या सगळ्याच मतांशी आज कोणी सहमत होईल असे नाही, मीही नाही. पण ज्या गावाला त्यांनी काही सांगितले, त्या गावाला दुसऱ्या दिवशी त्यांना जाब विचारता येत होता.

आणखी एक गोष्ट, विषय निघालाच आहे म्हणून. लेखासोबतच्या छायाचित्राखाली आपण एका प्रॉटेस्टंट पाळकांना "फादर" म्हटले आहे आणि उपासनेला "पूजा". फादर म्हणजे कॅथलिकांचे अविवाहित धर्मगुरू; आमचे पाळक संसारी असतात, त्यांना रेव्हरंड किंवा पाळक म्हणतात. नगर जिल्ह्यात मिशनचे काम सुरू होऊन १९० वर्षे उलटली, तरी प्रत्येक नाताळात हीच चूक छापून यावी याचे वाईट वाटते. दोन वर्षांपूर्वीही मी हे कळवले होते. कृपया दुरुस्ती द्यावी.

आमच्या मंडळीने आता ठरवले आहे की येणाऱ्यांनी पाडव्यानंतर यावे, निदान महिनाभर राहावे आणि मराठीत चार वाक्ये तरी स्वतः बोलण्याइतकी तयारी करून यावे. लेखकांनाही माझे मनापासून निमंत्रण आहे. त्यांनी या उन्हाळ्यात यावे, टोळ्या परतलेल्या असतील. आजी आता थकल्या आहेत, नजर कमी झाली आहे, पण आवाजावरून माणूस ओळखतात. त्यांच्या घरी मी स्वतः घेऊन जाईन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर