‘सेव्हरन्स’ म्हणजे हिशेब

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकी लेखिका लिंग मा यांच्या ‘सेव्हरन्स’ या कादंबरीवरचा लेख वाचला. २०१८ साली आलेल्या या पुस्तकाने करोना आधीच ओळखला होता, हे त्यात तीन वेळा सांगितलं आहे. कबूल. चीनमधून निघालेला ताप, मास्क, ओस पडलेलं न्यूयॉर्क, सगळं आहे त्यात. पण मी तीस वर्षं छापखान्यात काढली. मला ती आमच्या खात्यातली गोष्ट वाटली, आणि लेखात नेमकं तेच दोन ओळींत उरकलं आहे.

कादंबरीची नायिका कॅन्डेस चेन न्यूयॉर्कच्या एका कंपनीत बायबलच्या छपाईचं काम बघते. छपाई चीनमध्ये, कागद, बांधणी, दर, तारखा हिच्याकडे. मुलींसाठीच्या एका बायबलसोबत खड्याचं लटकन द्यायचं असतं. खडे घासणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत धूळ साचते, कारखाना बंद पडतो. हिला वाईट वाटतं. पण गिऱ्हाइकाला बायबल हवंच असतं, मग ही दुसरा पुरवठादार शोधायला लागते. वाचताना गुजरातेतल्या खंबातचे अकीकाचे खडे घासणारे आठवले. सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार तिथेही अशाच धुळीतून येतो. ‘माल कधी देताय?’ हे मीही फोनवर हजारदा विचारलंय. पलीकडचा खोकत होता का, आठवत नाही.

त्या तापात माणूस लगेच मरत नाही, सवयीचं काम करत राहतो. एक कुटुंब ताटं मांडतं, प्रार्थना म्हणतं, जेवल्यासारखं करतं, आवरतं, की पुन्हा मांडायला सुरुवात. आणि जिला ताप नाही ती कॅन्डेस रिकाम्या शहरातून रोज ऑफिसला जाते, कारण ठरल्या तारखेपर्यंत टिकलं तर मोठी रक्कम मिळणार असते.

यावर मला हसता आलं नाही. एप्रिल २०२० मध्ये औषधांची खोकी छापायची म्हणून आमचा छापखाना ‘अत्यावश्यक’ ठरला होता. एक दिवस छापायला काहीच नव्हतं. तरी मी इस्त्रीचा शर्ट घालून, पास खिशात टाकून स्कूटरवर डोंबिवलीहून अंबरनाथला गेलो, शटर उघडलं, आदल्या दिवशी मोजलेली रिमं पुन्हा मोजली आणि डबा खाऊन परत आलो.

कॅन्डेसचे आईवडील चीनमधल्या फूचौहून अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीला गेले तेव्हा ती आजी-आजोबांकडे राहिली, सहा वर्षांची झाल्यावर तिकडे गेली. आईला परतायचं होतं, वडिलांना नाही. लेखात याला ‘उपकथानक’ म्हटलंय! माझ्या मावसभावाने अमेरिकेला जाताना मुलगी सांगलीला आजीपाशी ठेवली होती. ती आता पस्तिशीला आली, अजून आजीलाच आई म्हणते.

शेवटचं, शीर्षकाबद्दल. लेख लिहिणाऱ्याने त्याचं ‘विच्छेद’ केलंय. तुटणं हा अर्थ आहेच, पण नोकरी सुटताना हातावर टेकवतात ते पैसेही त्याच शब्दात येतात. त्याला आपल्याकडे ‘हिशेब’ म्हणतात. अमक्याला हिशेब दिला म्हटलं की कारखान्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मराठी अनुवाद कधी निघालाच, तर अनुवादकाने हा शब्द जरूर विचारात घ्यावा.

– एक निवृत्त मुद्रण पर्यवेक्षक, डोंबिवली