झोपेआड येणारा डॉल्बी

झोपेसाठी चहा-कॉफी टाळा, कोमट दूध घ्या असे सांगणारा ‘गोळीविना गाढ झोप’ हा आपल्या पुरवणीतील लेख पटला, पण अर्धाच. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही अंगात राहू शकतो, हे रात्री नऊला पाहुण्यांपुढे कप ठेवणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) ध्यानात घ्यावे. मात्र गल्लीत लग्नाचा डॉल्बी साडेअकराला दणाणतो, तावदाने थरथरतात, पाळण्यातली नात दचकून रडते. तिथे कोमट दूध काय करणार? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, सणांची मोजकी सवलत सोडल्यास, उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकास मनाई आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. मिरवणुकीची परवानगी देतानाच ही वेळ पाळण्याची हमी आयोजकांकडून लेखी घ्यावी, कन्नड आणि मराठी दोन्हींत.

– एक वाचक, वडगाव, बेळगाव