अडणाऱ्या दाराबद्दल आभार

काका, साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्हाला नात वाचून दाखवेल आणि दुसऱ्या परिच्छेदाला तुम्ही 'बास' म्हणाल, हे ठाऊक आहे. तरी लिहितोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. आमच्या नाटकाच्या जाहिरातीत तुमचं नाव 'नेपथ्य निर्माण' या ओळीत मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं. नाटकातला सगळ्यात चांगला क्षण मात्र तुमच्या हातात होता.

परवा तेविसावा आणि शेवटचा प्रयोग झाला. दुसऱ्या अंकात मुलगी बॅग उचलून घराबाहेर पडायला निघते आणि पावसानं फुगलेलं दार उघडतच नाही. बाप खुर्चीत बसून बघत राहतो. संहितेत मी एवढंच लिहिलं होतं : 'दार अडतं. मग उघडतं.' लिहायला काय जातंय!

तुम्ही कागद बघून म्हणालात, "चाळीस वर्सं दार आडू नये म्हणून रंधा मारतोय, आन् तुमी आडणारं दार मागताय व्हय?" मग आठवडाभर दुसरं काम घेतलं नाहीत. आधी चौकट घट्ट करून बघितली. तालमीत पोरीनं दार ओढलं, तर दारासकट सगळा फ्लॅट, म्हणजे सेटची ती खोटी भिंत, तिच्या अंगावर आला. आम्ही हसलो. तुम्ही हसला नाहीत. शेवटी चौकटीमागे लाकडी खिटी बसवलीत, तिला नायलॉनची दोरी बांधलीत आणि दोरी विंगेत नेलीत. दोरी कोण ओढणार? बॅकस्टेजची पोरं मोबाईलमध्ये. "मीच थांबतो," म्हणालात, आणि तेवीस प्रयोग थांबलात.

पहिल्या प्रयोगाला मी सांगितलं होतं, पाच आकडे मोजा आणि ओढा. तुम्ही तसंच केलंत. पडदा पडल्यावर सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, फोटो काढत होते, आणि तुम्ही दोरी गुंडाळत पुटपुटलात, "जरा घाई झाली. पोरगी अजून निघायला तयार नव्हती."

काका, दिग्दर्शक मी होतो. मला ते दिसलं नव्हतं.

पुढे तुम्ही आकडे मोजणं सोडलंत. तिच्या श्वासाकडे कान लावून बसायचात. तासगावच्या प्रयोगाला इतका वेळ दार धरून ठेवलंत की पोरगी खरोखर घाबरली, बापाचं काम करणारा अर्धा उठला, आणि प्रेक्षकांतल्या एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, "जोर लाव गं बाई!" तेव्हा कुठे दोरी ओढलीत. प्रयोगानंतर ती तुमच्यावर चिडली. पुढच्या प्रयोगाआधी मात्र मेकअप करता करता हळूच म्हणाली, "काका, आज पण."

आपलं सांगली म्हणजे नाट्यपंढरी. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीतास्वयंवर' उभं केलं, हे आपण दर 5 नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, नारळ फोडून सांगतो. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या, दोऱ्यांवर नाचणाऱ्या. ते फारसं कुणी सांगत नाही. विंगेत दोरी धरून बसलेले तुम्ही दिसलात की मला ते आठवायचं.

"यातून मिळतं काय?" हा प्रश्न मला घरात, ऑफिसात, टेम्पोत सगळीकडे विचारला गेलाय. हिशेब उणे अकरा हजारांवर आहे, टेम्पोवाल्याचे दोन हजार अजून द्यायचेत. स्पर्धेत नंबर आला नाही, त्याचं काही नाही. मी 'समाधान' म्हणून मोकळा व्हायचो. पण ते खोटं होतं. समाधान झालं असतं तर पहिल्याच प्रयोगानंतर थांबलो असतो. तुमचं ते 'जरा घाई झाली' मला जास्त खरं वाटतं. त्यासाठीच तर पुन्हा टेम्पो भरायचा, पुन्हा फ्लॅट उभे करायचे, तिसरी घंटा द्यायची, समोर चाळीस माणसं असोत नाहीतर चारशे. परवा रात्री सेट उतरवताना मी विचारलं, "आज कसं झालं?" खिळे ठोकून सरळ करत तुम्ही म्हणालात, "बरं झालं. अजून थोडं थांबायला पायजे होतं." आणि आता पुढचा प्रयोग नाही. तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. तुमच्या लक्षात आलं असेल, पण तुम्ही खिळेच बघत राहिलात. त्याबद्दलही आभार.

काल मजुरी द्यायला आलो, तर ते दार तुमच्या कारखान्यामागच्या न्हाणीला लागलेलं. एका बोटानं उघडतंय! दाराचे पैसे मजुरीतून कापायला लावलेत, ते मी कापलेले नाहीत, पाकीट पुन्हा मोजून बघा. खिटी मात्र तुम्ही टाकलेली नाही. पटाशांशेजारी खिळ्याला टांगलेली दिसली, दोरीसकट.

पावसाळ्यात नवीन नाटक लिहायला घेतोय. त्यात दार नाहीये. बघतो काय करता येतं.

तुमचा,
लेखक, दिग्दर्शक आणि टेम्पो भरणारा