तवंग गेला म्हणजे विहीर शुद्ध झाली काय?

संपादक महोदय,

चेंबूरमधील आमच्या सोसायटीच्या जुन्या विहिरीचे पाणी आम्ही फ्लशच्या टाक्यांसाठी आणि बागेसाठी वापरत असू. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्याला पेट्रोलचा वास येऊ लागला आणि चार-सहा दिवसांत पाण्यावर रंगीत तवंग दिसू लागला. जवळच्या इंधन पंपाची जमिनीखालची टाकी गळत असल्याचे चौकशीत निघाले. कंत्राटदार नेमला गेला, त्याने महिनाभर पाणी उपसून टँकरने वाहून नेले, जुलैत तवंग नाहीसा झाला आणि विहीर शुद्ध झाल्याचे पत्र आम्हाला मिळाले. दिवाळीनंतर विहिरीचे पाणी उतरू लागले, तसा तवंग पुन्हा आला.

यात कंत्राटदाराची लबाडी असेलच असे मी म्हणत नाही. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलाच्या पातळीवर तरंगते; परंतु त्याचा मोठा भाग मुरमात आणि बेसाल्टच्या भेगांत अडकून राहतो, पावसाळ्यात पातळी चढली की पाण्याखाली कोंडला जातो आणि पातळी उतरली की सुटून विहिरीत जमतो. ज्या शहरात वर्षाचा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस बहुतांशी चार महिन्यांत पडतो, तेथे जुलैच्या नमुन्यावर दाखला देणे म्हणजे भरतीच्या वेळी किनाऱ्यावरचे खडक मोजण्यासारखे आहे.

मूळ चूक त्याआधीची, म्हणजे पद्धत निवडतानाची आहे. सांडलेले इंधन जमिनीत कोठे तरंगते, कोठे मातीला चिकटते, कोठे पाण्यात विरघळते, तर कोठे वाफ होऊन मातीच्या पोकळ्यांत साठते, आणि यांपैकी प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. उपशाने तरंगता थर निघतो, पण चिकटलेले इंधन वर्षानुवर्षे विरघळत राहते. नळ्या घालून मातीतली वाफ खेचणे पाण्याच्या पातळीवरील कोरड्या मुरमात पेट्रोलसाठी उत्तम. डिझेलची वाफ फारशी होत नाही आणि खाडीकाठच्या चिकणमातीत हवाच खेळत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी रसायने सोडली, तर ती भेगांतून सोपी वाट धरतात, मग त्या वाटेवर इंधन असो वा नसो. माती उकरून नेणे सर्वांना ठाम उपाय वाटतो. पण उभ्या इमारतीखाली ते शक्य नसते, आणि नेलेली माती कोणाच्या दारात टाकली, हे सहसा कोणी विचारत नाही.

जिवाणूंकरवी इंधनाचे विघटन होऊ देणे स्वस्त आहे आणि अनेक ठिकाणी योग्यही आहे. मात्र आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. जिवाणू आधी इथेनॉल खातात, त्यात जमिनीतला ऑक्सिजन संपतो आणि पेट्रोलमधील कर्करोगास कारणीभूत ठरणारे बेंझीन अधिक काळ टिकून अधिक दूर जाऊ शकते. म्हणून शुद्ध पेट्रोलच्या अनुभवावर बांधलेले ‘निसर्गच करील’ हे अंदाज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाहीत. पिण्याच्या पाण्यात बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. इतक्या अल्प प्रमाणात नाकाला काहीच कळत नाही, आणि टँकरचे पाणी कोणत्या विहिरीचे हे तर आपल्याला कधीच कळत नाही.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले असून, प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा हे तत्त्व त्यांत आहे. त्यांच्या अंमलबजावणीत प्रदूषण नियंत्रण मंडळाने दोन गोष्टींचा आग्रह धरावा, अशी माझी विनंती आहे. निविदा काढण्यापूर्वी इंधन कोणत्या थरात आणि कोणत्या रूपात आहे याची पाहणी व्हावी आणि निवडलेल्या पद्धतीचे कारण लेखी नोंदवले जावे. तसेच एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा उलटल्याशिवाय, आणि विरघळलेल्या बेंझीनची तपासणी केल्याशिवाय, शुद्धतेचा दाखला देऊ नये. जुन्या पंपांचे भूखंड पुनर्विकासाला निघून तेथे तळघरे खोदली जात असताना तर हे अधिकच निकडीचे आहे.

आम्ही विहिरीचा पंप बंद ठेवला आहे. दर महिन्याला पाण्याची पातळी आणि तवंगाची जाडी मोजून आम्ही वहीत नोंदवतो. मंडळाने मागितल्यास ती वही द्यायला सोसायटी तयार आहे.

आपला,
सोसायटीच्या पाणी समितीचा एक सदस्य,
चेंबूर, मुंबई